शांत खोलीतल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सर्वांसमोर लिहितेय.

जवळचं माणूस गमावलेल्यांचा तो तीन दिवसांचा मेळावा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी एकामागून एक अकरा जणांचं ऐकलं होतं. रात्रभर झोप नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. बारावी व्यक्ती बोलत असताना माझे हात थरथरायला लागले, श्वास पुरेना. मधूनच उठले तर बोलणाऱ्याला काय वाटेल, म्हणून तशीच बसून राहिले. तुम्ही मागून येऊन हळूच म्हणालात, “बाहेर येता का माझ्याबरोबर? नाही म्हणालात तरी चालेल.”

खोलीत गेल्यावर तुम्ही काय झालं ते विचारलंच नाहीत. आधी पाणी दिलंत. मग पाय जमिनीवर टेकवून दिसणाऱ्या ५ वस्तू, हाताला जाणवणाऱ्या ४ आणि ऐकू येणारे ३ आवाज मोजायला लावलेत. श्वास घेताना लागतो त्याहून जास्त वेळ सोडताना लावा, ठोके संथ होतात, हेही तुम्हीच शिकवलंत. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचारावरची २०११ सालची पुस्तिका मी नंतर वाचली. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, आणि बोलण्याची बळजबरी करू नका, असं तीही सांगते. तेव्हा मला बोलतं करायला गेला असतात, तर मी त्याच संध्याकाळी बॅग भरली असती.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. तासाभराने तुम्ही म्हणालात, “आता मी थकले. झोपायला जाते, हे दादा बसतील तुमच्याजवळ.” आणि खरंच गेलात. आईच्या आजारपणात वर्षभर मी कुणापाशी ‘थकले’ म्हटलं नव्हतं. तसं म्हणणं म्हणजे आईला सोडून देणं, असंच वाटायचं. तुम्ही मला सोडून गेला नाहीत, सोपवून गेलात. ताई, हा फरक मला तोवर माहीतच नव्हता.

तिसऱ्या दिवशी जिन्यात एक मुलगी एकटीच बसली होती. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसले. माझंच मन भरून आलं तेव्हा दुसऱ्या एकीला हाक मारली आणि बाहेर चालून आले.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी अचानक रडू कोसळलं. असं होऊ शकतं, त्या आठवड्यात मोठे निर्णय घेऊ नका, असं तुम्ही निघताना बजावलं होतंत, त्यामुळे घाबरले नाही. तुम्ही जिच्याशी जोडी लावून दिली होतीत, तिला फोन केला. अजूनही आम्ही दर रविवारी बोलतो.

परवा तिनेच विचारलं, “त्या ताईंना त्या दिवशी झोप लागली असेल ना गं?”

लागली होती ना, ताई?