ठाण्याच्या किल्ल्यात कॅमेरा नको, रंगपेटी तरी जाऊ द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

टोरोंटोला पूर्वी यॉर्क म्हणत. तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरची पत्नी एलिझाबेथ सिमको हिने १७९६ च्या सुमारास यॉर्कच्या इंग्रज शिबंदीच्या तळाचं जलरंगात चित्र काढलं. पुढे १८१३ च्या लढाईत तो तळ उद्ध्वस्त झाला. तरी सुरुवातीची वसाहत कशी होती, हे आज त्या बाईंच्या चित्रांतून कळतं.

आमचा ठाण्याचा किल्ला उद्ध्वस्त झालेला नाही. तो उभा आहे, फक्त दिसत नाही. आत मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई; घोड्याला खरारा करता करता मोतद्दार मराठी गाण्यातून निरोप पोचवायचा, आणि पहारेकऱ्यांना ओ की ठो कळत नसे, असं सांगतात. (मराठी न येण्याची एवढी किंमत कुणी मोजली नसेल!) इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये आणि नाशिकच्या जॅक्सन वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९१० मध्ये इथेच फाशी झाली. आमच्यासारखे रोज त्या भिंतीच्या कडेने रिक्षातून जातात, झालं.

आत कॅमेरा सोडत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. तुरुंग आहे तो. पण चित्रकाराला काय गाळायचं ते सांगता येतं. पहाऱ्याच्या जागा, दारं, कुलपं वगळून नुसता बुरूज, दगड आणि त्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप काढता येतं. गंमत अशी, की त्या काळी लष्करी अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवत ती टेहळणीसाठी. इंग्लंडमधल्या वूलिचच्या लष्करी अकादमीत पॉल सँडबीसारखा जलरंगकार मास्तर होता. तीच कला आपण उलट्या कामाला लावू.

तेव्हा विनंती एवढीच: गृह खात्याशी बोलून चार-पाच चित्रकारांना, सोबत शिपाई देऊन, आठवडाभर आत बसू द्यावं. कागद आधी तुरुंग अधिकाऱ्यांनी तपासावेत, मग ठाणेकरांना दाखवावेत. पावसात जलरंग वाळत नाहीत, म्हणून दिवाळीनंतरची तारीख मिळाली तर बरं.

आपला,
एक ठाणेकर