मॅच संपल्यावर सगळेच कोच

संपादक महोदय, स.न.

आपली टीम हरली की शेवटची शिट्टी वाजून पाच मिनिटं होत नाहीत तोवर सगळीकडे एकच सुरू होतं, ह्याला कशाला खेळवला आणि त्याला का बसवला. फुटबॉलवाल्यांना हे काही नवीन नाही, मी पण त्यातलाच, आणि वाद घालू नका असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, वाद नसेल तर मॅच बघायची तरी कशाला. माझी तक्रार एवढीच की आपण म्हणतो निवडीवर बोलतोय आणि बोलत असतो स्कोअरवर. तुमचं क्रीडा पान पण त्यातलंच (राग मानू नका), जिंकले की 'धाडसी निर्णय' आणि हरले की 'निवड फसली', पण कोण कुठे खेळला आणि त्याच्याकडून काय काम अपेक्षित होतं ह्यावर दोन ओळी सापडत नाहीत.

२०२२ च्या वर्ल्डकपमधला पोर्तुगालच घ्या ना. ६ डिसेंबरला स्वित्झर्लंडविरुद्ध कोच फर्नांडो सांतोस यांनी चक्क रोनाल्डोला बेंचवर बसवलं, त्याच्या जागी गोन्सालो रामोस आला, त्या पोराने हॅटट्रिक (एकाच मॅचमध्ये तीन गोल) ठोकली, ६-१ ने जिंकले आणि सांतोस एकदम वाघ झाले. चार दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध क्वार्टर फायनल, परत रोनाल्डो बाहेर, परत रामोस आत, १-० ने हरले आणि तोच माणूस सगळ्यांना अडाणी वाटायला लागला, १५ तारखेला पद पण गेलं. म्हणजे निर्णय तोच, फक्त स्कोअर बदलला.

बरं, त्या दोन मॅचमध्ये सुरुवातीच्या अकरांत बदल होता एकच, मिडफिल्डमध्ये विल्यम कार्व्हाल्योच्या जागी रुबेन नेव्हेस, आणि ५१व्या मिनिटाला रोनाल्डोला आत आणलं तेव्हा बाहेर काढलं ते नेव्हेसलाच. निवडीवर भांडायचं तर इथे भांडायला जागा होती की नाही? मोरोक्को मागे ठाण मांडून बसणार हे सगळ्यांना माहीत होतं, मग त्या भिंतीतून बॉल पुढे सरकवायला मिडफिल्डमध्ये कोण हवा होता ह्यावर बोला. पण नाही, ज्याच्या त्याच्या तोंडी रोनाल्डो रोनाल्डो. आणि गोल कसा खाल्ला तर डावीकडून क्रॉस आला, गोलकीपर बॉलसाठी पुढे आला, पोचला नाही, मोरोक्कोच्या एन-नेसिरीने उंच उडी मारून हेडर घातला. ह्यात बेंचवर कोण बसलंय त्याचा काय संबंध. रोनाल्डोला जवळजवळ चाळीस मिनिटं मिळाली होती, त्यात पण गोल झाला नाहीच.

ह्याचा अर्थ कोचचं कधी चुकतच नाही असा अजिबात नाही, चुकतं आणि चांगलंच चुकतं. ब्राझीलची २०१४ च्या वर्ल्डकपमधली सेमी फायनल, नेमार जखमी, थियागो सिल्व्हा कार्डांमुळे बाहेर, समोर जर्मनीचं तगडं मिडफिल्ड आणि कोच स्कोलारींनी नेमारच्या जागी बर्नार्ड म्हणजे आणखी एक विंगर (कडेने हल्ला करणारा) घातला. मधे एक माणूस वाढवा हे मॅचच्या आधी पण सांगता येत होतं, ७-१ लागायची वाट बघायची गरज नव्हती. ह्याला मी निवडीवरची टीका म्हणतो.

त्याहून मला आठवतो तो १३ नोव्हेंबर २०१७ चा इटलीचा प्लेऑफ, म्हणजे वर्ल्डकपला जायची शेवटची संधी, दोन मॅचची. पहिल्या मॅचमध्ये स्वीडनने १-० ने हरवलेलं, आता मिलानमध्ये गोल पाहिजेच, नाहीतर वर्ल्डकप गेला, स्कोअर ०-० आणि कोचच्या स्टाफने वॉर्मअपला उठवलं कुणाला तर दे रोसीला, म्हणजे बचाव सांभाळणाऱ्या मिडफिल्डरला! तो तिथेच वैतागला, आपल्याला ड्रॉ नकोय जिंकायचंय म्हणाला आणि शेजारी बसलेल्या इन्सिन्ये ह्या फॉरवर्डकडे हात केला. कॅमेऱ्यात सगळं दिसलं. इन्सिन्ये शेवटपर्यंत आत गेलाच नाही आणि १९५८ नंतर पहिल्यांदा इटली वर्ल्डकपला मुकली. बघा, स्वतःला खेळायला मिळत असताना तो माणूस दुसऱ्याचं नाव सांगतोय आणि ते का, हे पण सांगतोय, आणि मॅच अजून संपलेली नाही. आपल्यातल्या किती जणांना हे जमतं?

हरल्यावर निवड बदलूच नये असं पण नाही. २०२२ च्याच वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिना पहिल्या मॅचला सौदी अरेबियाकडून १-२ हरली, ३६ मॅच न हरलेली टीम होती ती, म्हणजे कोच स्कालोनींना 'जमलेली टीम आहे, राहू दे' म्हणता आलं असतं. पुढच्याच मॅचला पाच बदल केले. माक अलिस्टर आत आला, एन्झो फर्नांडेसने बदली खेळाडू म्हणून येऊन गोल मारला, त्यापुढच्या मॅचला स्ट्रायकर पण बदलला, लाउतारो बाहेर आणि हुलियान आल्व्हारेझ आत. फायनलला माक अलिस्टर, एन्झो आणि आल्व्हारेझ हे तिघे पहिल्या अकरात होते. मोठं नाव की छोटं नाव हा हिशोबच नव्हता, कुठल्या जागेवर पळणारा माणूस कमी पडतोय ते बघितलं.

आपल्याकडे मात्र 'तो पाहिजे होता' एवढंच असतं, मग कुणाला काढायचं विचारलं की गप्प, कारण बारा जण खेळवता येत नाहीत. आणि शिव्या घालणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं, २०२१ च्या युरो फायनलला पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या तीन पोरांना रंगावरून जे ऐकवलं गेलं त्याला चर्चा म्हणायची लाज वाटते. त्यातला साका तेव्हा १९ वर्षांचा होता हो!

तर एक विनंती. पुढच्या मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी वाचकांकडून त्यांची टीम मागवा, अकरा नावं, फॉर्मेशन (मैदानावरची मांडणी) आणि प्रत्येक बदलामागचं एका ओळीचं कारण, आणि ते मॅचच्या दिवशी सकाळी छापा. दुसऱ्या दिवशी 'निवड फसली' छापायचं असेल तर शेजारी तीच यादी परत छापा, तुमच्या क्रीडा प्रतिनिधीच्या नावासकट. माझी टीम मी पाठवीन, लेफ्ट बॅकवर अजून घरात एकमत व्हायचंय तेवढं सोडून.

एक फुटबॉलवेडा वाचक