रंगारीकाकांना, पांढऱ्या कपड्यांच्या वतीने

रंगारीकाका, सप्रेम नमस्कार.

धुताना पांढऱ्या कपड्याला दुसऱ्याचा रंग लागला की जो तो विचारतो, ‘कुठला रंग लागला?’ तुम्ही विचारलंत, ‘कापड कुठलं?’ त्या एका प्रश्नाबद्दल आभार मानायला हे पत्र. डाग काढायचं काम आम्ही रोजच करतो, पण त्याकडे रंगाऱ्याच्या बाजूने बघायला तुम्ही शिकवलंत. बादलीत जे घडतं ती चुकून झालेली रंगाईच असते, एवढं कळलं की कितीतरी घरगुती उपाय आपोआप गळून पडतात.

मिठाचंच बघा. ‘मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घाला’ असं सर्रास सांगितलं जातं. तुम्ही मात्र सुती कापड रंगवताना पाण्यात मीठ टाकता ते रंग पाण्यातून निघून धाग्यावर बसावा म्हणून, आणि लोकर, रेशीम, नायलॉन रंगवताना आम्ल घालता ते रंग पक्का धरावा म्हणून. म्हणजे डाग काढायला निघालेला माणूस डाग बसवायची तयारी करत असतो. कोरड्या उष्णतेचंही तसंच. ड्रायरमधून काढलेला किंवा इस्त्री फिरवलेला डाग बहुतेक पक्का बसला समजावा. म्हणून पहिला नियम तुमचाच: कपडा वाळू द्यायचा नाही.

रंग सोडणारा कपडा बाजूला करायचा आणि पांढरा लगेच भरपूर पाण्यात, लेबल परवानगी देईल तेवढ्या गरम पाण्यात, साध्या पावडरने पुन्हा धुवायचा. पाण्याला रंग आला तर चांगलंच. ते ओतून नवं घ्यायचं. बादली गच्च भरली तर सुटलेला रंग शेजारच्या कपड्यावर जाऊन बसतो, हे मात्र लोक विसरतात.

एवढ्याने गेला नाही तर तुमचा प्रश्न: कापड कुठलं? लेबल नसेल तर शिवण बघायची, ही तुमची खूण फार कामाची. कापड गुलाबी झालंय आणि शिवणीचा दोरा पांढराच राहिलाय, तर दोरा बहुधा पॉलिस्टरचा आणि कापड सुती.

सुती किंवा लिननसाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. 5 लिटर पाणी, 50 ते 60 अंश गरम, त्यात साधारण 50 ग्रॅम पावडर आधी पूर्ण विरघळवायची आणि मगच कपडा घालायचा. नाहीतर न विरघळलेले कण एकाच जागी बसून तेवढंच फिकट करतात. कपडा पूर्ण बुडालेला हवा. वर तरंगलेली बाही तशीच रंगीत राहते. सहा तासांनी द्रावणातला जोर ओसरतो, त्यामुळे तेच पाणी रात्रभर ठेवण्यापेक्षा नवं करून पुन्हा भिजत घालणं बरं. थंड पाण्यात हे फारच हळू चालतं आणि ‘पावडर बोगस निघाली’ असं वाटतं. उरलेलं द्रावण बंद बाटलीत भरायचं नाही, आतल्या वायूने बाटली फुटते. कापडावर गंजाचा डाग असेल तर तो आधी काढायचा, कारण लोखंडाजवळ हे रसायन इतक्या जोरात काम करतं की तिथे भोक पडतं.

लोकर आणि रेशमाला हे पाणी सोसत नाही, ते अल्कधर्मी असतं. तिथे तुमचं हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. 5 लिटरला 10 ते 20 ग्रॅम, 40 अंशाच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं. नायलॉनलाही हेच चालतं. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही; ओलसर झालेला साठा आपोआप तापून पेटूही शकतो. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं, खिडक्या उघड्या. वास येतो, आणि तो चांगलाच येतो! धातूची बटणं काळी पडू शकतात. शिवाय हायड्रोला लागलेला रंग आणि मुद्दाम दिलेला रंग यांतला फरक कळत नाही, त्यामुळे रंगीत भरतकाम असेल तर विसरा. दोन्ही उपायांआधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून बघायचा.

क्लोरीनच्या ब्लीचकडे लोक सगळ्यात आधी धावतात, तुम्ही ते सगळ्यात शेवटी ठेवलंत. फक्त पांढऱ्या सुती कापडाला, 4 लिटर थंड पाण्यात साधारण 60 मिली, पाच ते दहा मिनिटं, आणि मग भरपूर खळबळणं. लोकर आणि रेशीम त्यात खराब होतात, नायलॉन आणि स्पॅन्डेक्स पिवळे पडतात. त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन; दोन्ही विषारी. हायड्रोबरोबरही ते कधीच मिसळायचं नाही.

निळीबद्दलही तुम्ही बरोबर होतात. निळीने पिवळेपणा झाकला जातो, गुलाबी डागावर ती घातली तर कपडा जांभळट दिसू लागतो.

प्रत्येक धुण्यानंतर कपडा ओला असतानाच दिवसाच्या उजेडात बघायचा आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करायची नाही. तीनदा भिजवूनही फरक पडला नाही तर थांबायचं, कापडाची ताकद वाया घालवायची नाही. त्यापुढचा उपाय तुम्ही हसत हसत सांगितला होतात: त्याच कपड्याला मुद्दाम गडद रंग द्यायचा. शिवणीचा दोरा तेवढा पांढराच राहील, हेही तुम्हीच बजावलं होतंत.

तुमचे ऋणी,
कपडे धुण्याच्या कामातले आम्ही सगळे