खंडाळ्याच्या दादांना, ज्यांनी बाबांची वही वाचली

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, "नाव-बिव कशाला ताई, एवढंसं तर काम." पण पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढायच्या आधी जे खंडाळं लागतं, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी पांढऱ्या मारुती 800 वर ओलं फडकं ठेवून उभा असलेला माणूस तुम्हीच, हे तुम्हाला वाचल्यावाचल्या कळेल.

त्या दिवशी नीट आभार मानता आले नाहीत. बाबा गाडीत बसले होते आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

ही गाडी बाबांनी 1998 साली घेतली. 2013, 2018 आणि 2023, तीन वेळा पासिंग करून आणली. आई होती तोवर दर दिवाळीला सातारला याच गाडीतून जायचो. तीन सिलिंडरचं ते छोटं इंजिन, त्याचा आवाज आम्ही भावंडं गल्लीच्या टोकावरून ओळखायचो. गेल्या पाडव्यापासून तिने चालता चालता बंद पडायला सुरुवात केली. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की सेल्फ मारायचा, लगेच चालू. गॅरेजमध्ये न्यावी तोवर गार झालेली असायची, आणि गार गाडीत कुणालाच काही सापडायचं नाही.

चार ठिकाणी दाखवली. पहिल्याने पेट्रोलमध्ये कचरा आहे म्हणून टाकी उतरवून साफ केली. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून परत बसवला. तिसरा म्हणाला, गरमीने पाइपात पेट्रोलची वाफ अडकते, आणि पेट्रोलचा पंपच बदलला. चौथं तर काचेचं मोठं वर्कशॉप. तिथे टेबलामागच्या मुलाने बाबांचं बोलणं अर्ध्यात तोडलं. "आजोबा, तुम्ही बाहेर एसीत बसा, मी मॅडमशी बोलतो." मग मला सांगितलं, भंगारात द्या. सगळे मिळून चौदा हजारांच्या वर गेले. पैशांचं एवढं नाही. पण त्या दिवसापासून बाबांनी गाडीबद्दल बोलणंच सोडलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तुला ठीक वाटेल ते कर.

तुमच्या शेडसमोर गाडी बंद पडली ती दुपारी पावणेदोनला. तुम्ही जेवत होतात. डबा झाकून उठलात आणि मला काही न विचारता थेट बाबांच्या खिडकीशी गेलात. "काका, बंद पडायच्या आधी झटके मारते, का एकदम गप्प होते?"

दादा, वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाबा म्हणाले, "एकदम. बटण दाबल्यासारखी." तुम्ही मान हलवलीत. "मग पेट्रोल नाही, करंट जातोय. पेट्रोल कमी पडलं तर आधी आचके देईल."

बॉनेट हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. तसाच प्लग काढून वायरीला लावलात, इंजिनाला टेकवलात आणि मला सेल्फ मारायला सांगितलंत. ठिणगी होती, पण पिवळट, मेलेली. मग फडकं भिजवून फक्त कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या भागावर, ठेवलंत. पंपाला हातही लावला नाहीत. मला तेव्हा समजलं नाही, नंतर समजलं. तिसऱ्या गॅरेजवाल्याने पंपावर ओलं फडकं ठेवून तासभर गप्पा मारल्या आणि गाडी चालू झाली म्हणून पंप दोषी ठरवला. तासाभरात सगळंच गार होतं, कॉइलसुद्धा. तुम्ही एकच वस्तू गार केलीत आणि वाट पाहिलीत.

आणि वाट पाहताना जे झालं, त्यासाठी हे पत्र.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. धरणाची पातळी रोज वहीत लिहायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गाडीचीही वही आहे. लाल कापडी बांधणीची, 1998 पासूनची. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, काय भावाने. ती वही त्यांनी चारही गॅरेजात नेली होती. एकाने ती बॅटरीवर ठेवली, तिच्या पुठ्ठ्याला अजून डाग आहे. बाकीच्यांनी पाहिलीही नाही. त्या दुपारी बाबांनी ती पिशवीतून अर्धवट काढली आणि परत आत ढकलली. ते मी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत.

"काय आहे काका, लिहून ठेवलंय का?"

मग तुम्ही पिंपापाशी गेलात. पावडर घेऊन हात कोपरापर्यंत घासलेत, नखांतलं काळं निघेना म्हणून पुन्हा घासलेत, धुतलेल्या फडक्याला पुसलेत, आणि दोन्ही हातांनी वही घेतलीत. पान उलटताना बोटाला थुंकी लावली नाहीत. गाडी बंद पडल्याच्या, लाल शाईतल्या अकरा नोंदी एकेक करून वाचल्यात, ओठ हलवत. आणि म्हणालात, "काका, एकही सकाळची नाही. चाळीस मिनिटं चालली की मगच. निदान तुम्हीच करून ठेवलंय, मी नुसता पार्ट बदलणार."

बाबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

तेवढ्यात गाडी चालू झाली. शिरवळहून नवी कॉइल आणायला तुम्ही पोराला मोटारसायकलवर पिटाळलंत. ती येईपर्यंत जुनी हातात धरून बाबांना समजावत होतात, की आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, बॅटरीच्या बारा व्होल्टांचे ते हजारो व्होल्ट करतात, तारेवरचा लेप वयाने तडकला की तापल्यावर वेढे आतल्या आत चिकटतात, गार झाले की सुटतात. बाबा प्रश्न विचारत होते. इतके प्रश्न त्यांना विचारताना मी वर्षभर ऐकलं नव्हतं. कॉइलची पावती मला दाखवून तेवढेच पैसे घेतलेत, वर मजुरीचे दोनशे. जुनी कॉइल कागदात गुंडाळून बाबांकडे दिलीत.

दादा, हुशार मेकॅनिक आम्हाला आधीही भेटले असतील. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा महागडी मशिनं होती. पण गाडी कशी चालते हे सत्तावीस वर्षं ती चालवणाऱ्या माणसाला विचारावं, एवढं कुणाला सुचलं नाही. म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या मुलीवरून, तिसऱ्याबद्दल बोलावं तसं बोलू नये, हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल? तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

त्यानंतर चार वेळा सातारा झालं, दोनदा ऐन दुपारी. गाडी कुठेही थांबली नाही. किल्ली पुन्हा बाबांच्या खुंटीवर आहे. वहीत त्या तारखेला निळ्या शाईत लिहिलंय: "कॉइल बदलली. खंडाळा. माणूस चांगला. हात धुऊन वही घेतली."

क्लच केबल जरा जड लागतेय असं बाबांचं म्हणणं आहे. पुढच्या रविवारी येतो. जेवण आमच्याकडून, तुमचा डबा त्या दिवशी गार झाला होता.

तुमची,
पांढऱ्या मारुतीवाली ताई