बुजऱ्या मांजरीसाठी घर शोधताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ती करडी मांजर शेल्टरमध्ये, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यात, आल्यापासून खोक्याबाहेर येत नाही, लोक वाकून बघतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतात, हे वाचून वाईट वाटलं. "आधी तिला माणसाळवू, मग घर शोधू" असं तू लिहिलं आहेस. हा बेत मात्र सोडून दे. कुत्र्यांचं भुंकणं, जंतुनाशकाचा वास, रोज बदलणारी माणसं आणि शेजारी अनोळखी मांजरं, इतकं सगळं असताना मांजराची भीती जायची कशी? बुजरी मांजरं बहुतेक वेळा घरात गेल्यावरच मोकळी होतात, तीही शांत खोलीत आणि एक-दोन ठरलेल्या माणसांच्या सोबतीत. तेव्हा मांजर बदलायच्या मागे लागू नकोस. ती आज जशी आहे तशी ज्याला चालेल, असा माणूस शोध.

त्याआधी एक काम. तिला पशुवैद्याकडून नीट तपासून घे. दात, हिरड्या, कान, सांधे यांत दुखणं असेल तर मांजर हात लावू देत नाही, आणि ते दुखणं स्वभावाच्या नावावर खपून जातं. नसबंदी, लसी, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या विषाणूजन्य आजारांची तपासणी एकाच खेपेत उरकता आली तर उत्तम, म्हणजे पुन्हा पुन्हा धरपकड नको. नेण्यापूर्वी दोन-तीन तास आधी गॅबापेंटिन नावाचं औषध देतात, त्याने भीती बरीच कमी होते. मात्रा अर्थात पशुवैद्यच ठरवतील.

मग तिची भीती कुठल्या जातीची आहे ते ओळख. पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा, फार तर नवव्यापर्यंत. त्या दिवसांत माणसाचा हात लागलाच नसेल तर मोठेपणी माणूस तिला शत्रूच वाटतो. याउलट पूर्वी घरात राहिलेली मांजर शेल्टरमध्ये अगदी रानटी वाटू शकते, पण तिची भीती जागेची असते. पहिल्या काही दिवसांत दोघी सारख्याच दिसतात, म्हणून घाईने शिक्का मारू नकोस. रात्री सगळं शांत झाल्यावर ती पुढे येते का, माणूस समोर असताना खाते का, कुणाकडे बघून म्याव करते का, काठीला बांधलेल्या दोरीवर पंजा टाकते का, हे बघ. यातलं काही दिसलं तर घराची आशा पक्की. महिनोन् महिने यातलं काहीच दिसलं नाही आणि मांजर वयाने मोठी असेल, तर तिला सोफ्यावर बसवायचा हट्ट धरू नये. रोज खाणं-पाणी, आडोसा आणि लक्ष ठेवणारं माणूस मिळेल अशी गोदामाची किंवा शेताची जागा हेही तिच्यासाठी चांगलंच घर. पण तू लिहिलं आहेस की ती रात्री खेळण्याशी खेळते, त्यामुळे तो विचार आत्ता नको.

निपचित पडलेली मांजर शांत आहे असं समजण्याची चूक नेहमी होते. अंग चोरून, शेपूट घट्ट लपेटून, डोळे मिटून ती लिटरच्या (शी-शूसाठी ठेवलेल्या भुशाच्या) ट्रेमध्ये बसून राहिली तर ती झोपलेली नसते. शेल्टरमधलं कुणीतरी म्हणतं, "बघा, आता उचलू देते." ती उचलू देत नसते, भीतीने थिजलेली असते. तिचं खोकं काढून घेतलं की ती लवकर धीट होईल, हाही गैरसमजच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोकं दिलं, ९ जणांना दिलं नाही. खोकं मिळालेल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे कमी झालेला दिसला. तेव्हा खोकं राहू दे, आणि घरी जाताना तेच खोकं, त्यातल्या न धुतलेल्या चादरीसकट, तिच्याबरोबर पाठव. नव्या खोलीत ओळखीचा वास तेवढाच असतो.

आता आठवडाभर एक वही ठेव. ती किती वाजता खाते, काय खाते, माणूस किती फुटांवर आला की कान पाडते, कुठल्या आवाजाला बिचकते, बाई-पुरुष यांत फरक करते का, दुसरं मांजर जवळ आलं तर काय करते. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची. पुष्कळ बुजरी मांजरं माणसाला घाबरतात पण मांजरांत रमतात. त्यांना घरात आधीपासून एखादं धीट, प्रेमळ मांजर मिळालं तर त्याचं बघून तीही पुढे येतात.

जाहिरातीचा मजकूर याच वहीतून निघेल. "बिचारी", "कुणाला नको झालेली" असले शब्द नको. दयेपोटी नेलेलं मांजर दया ओसरली की परत येतं. "घरी गेली की बदलेल" हेही लिहू नकोस, ते वचन तू देऊ शकत नाहीस. असं लिही: "तीन वर्षांची करडी मांजर. माणूस सहा फुटांवर असेल तर खाते. रात्री दोरीशी खेळते. उचललेलं चालत नाही. पहिले काही आठवडे तुम्हाला ती दिसणारही नाही, फक्त रिकामी वाटी आणि वापरलेला ट्रे दिसेल. मांडीवर बसेलच असं नाही." (वय आणि अंतर तुझ्या नोंदीप्रमाणे घाल.) हे वाचून पुष्कळ लोक मागे फिरतील. फिरू देत. जे थांबतील त्यांच्याशीच तुला बोलायचं आहे. फोटो तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश बंद ठेवून काढ. खेळतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मिळाला तर दहा फोटोंपेक्षा जास्त उपयोगी.

फोनवर बोलताना माहिती देण्याआधी प्रश्न विचार. घरात कोण कोण, दिवसभर घर कसं असतं, येणं-जाणं किती, एक खोली महिनाभर तिच्यासाठी मोकळी ठेवता येईल का, खिडक्यांना जाळी आहे का, येत्या दोन महिन्यांत घर बदलणं, लग्नकार्य, रंगकाम, बाळंतपण असं काही आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी: "सहा महिन्यांनीही ती हात लावू देत नसेल तर तुम्हाला काय वाटेल?" उत्तराआधी जरा थांबणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. "माझ्याकडे सगळी मांजरं येतात, दोन दिवसांत मांडीवर घेतो," असं म्हणणाऱ्याला नम्रपणे दुसरं मांजर सुचव. लहान मुलांचं घर, उत्साही कुत्रा असलेलं घर, आणि मुलाला भेट म्हणून मांजर हवं असलेलं घर हिच्यासाठी नको. एकटी राहणारी, घरून काम करणारी, ठरल्या वेळी उठणारी-जेवणारी माणसं चांगली. वाचत बसायला आवडणारं माणूस मिळालं तर फारच चांगलं. ज्यांच्याकडे पूर्वी एखादं बुजरं मांजर होतं त्यांना पहिल्यांदा विचार. काय वाट्याला येणार हे त्यांना ठाऊक असतं.

भेटीला बोलावलंस तर आधीच सांग की ती खोक्यातून बाहेर येणार नाही. पाहुण्याने जमिनीवर तिच्याकडे कूस करून बसावं, बघत राहू नये, हात पुढे करू नये. तो ते दहा मिनिटं कसं करतो यावरून तुला त्याचा धीर कळेल. शक्य असेल तर लगेच कायमचं दत्तक न देता आधी महिनाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, दे. दोन्ही बाजूंना मोकळीक राहते.

मांजर नेण्याआधी खोलीची तयारी त्यांच्याकडून करून घे. लहान खोली निवडावी, मोठी नको, कारण मोठ्या जागेत भीती वाढते. पलंगाखालची, कपाटामागची, बेसिनखालची फट आधी बंद करायची. तिथे ती घुसली तर बाहेर काढणं म्हणजे पुन्हा धरपकड. त्याऐवजी लपायला आपणच दोन-तीन चांगल्या जागा द्यायच्या: एक जमिनीवर, एक उंचावर, आणि शक्यतो दोन तोंडं असलेली, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. लिटरचा ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, बिनवासाचं लिटर पाच-सात सेंटिमीटर जाडीचं, सुरुवातीला शेल्टरमध्ये होतं तेच. खाणं-पाणी ट्रेपासून लांबच्या कोपऱ्यात. खाणंही पहिले दोन आठवडे बदलायचं नाही.

पहिल्या दिवशी कॅरिअर (मांजर नेण्याची पेटी) खोलीत ठेवून दार उघडायचं आणि निघून जायचं. नंतर दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं जाऊन जमिनीवर बसायचं, हळू आवाजात काहीतरी वाचायचं, निघताना एखादा आवडता खाऊ टाकून यायचा. खाऊ तिच्या आणि माणसाच्या मध्ये ठेवायचा, पण तिच्या बाजूला जास्त. काही दिवसांनी वीतभर अलीकडे. ती खायची थांबली तर आपण घाई केली असं समजून पुन्हा मागे सरकायचं. लांब दांड्याच्या चमच्यावर ओलं खाणं देणं हा मधला टप्पा फार उपयोगी, त्यात हात लांब राहतो. नजर भिडली तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात असं दिसलं की माणसाने सावकाश डोळे मिचकावल्यावर मांजरंही तसंच करतात, आणि अनोळखी माणसाकडेही जास्त सहज येतात.

स्पर्शाची सुरुवात तिने करायची. बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरायचं. वास घेऊन गाल घासला तर गालावर किंवा हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवून हात काढून घ्यायचा. पुन्हा जवळ आली तर पुन्हा. पोट, शेपटीचं मूळ, पाय यांना हात नाही. शेपूट आपटणं, पाठीची कातडी थरथरणं, कान मागे वळणं दिसलं की थांबायचं. इथे बहुतेकांचा पाय घसरतो: एकदा हात लावू दिला की दुसऱ्या दिवशी उचलून मांडीवर घेतात आणि तीन आठवड्यांची कमाई एका मिनिटात जाते. टॉवेलात गुंडाळून जबरदस्तीने कुरवाळायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नये. त्याने मांजर सुटायची धडपड सोडते, भीती तशीच राहते.

पहिले तीन दिवस दडपण, तीन आठवड्यांत रुळणं, तीन महिन्यांत घर आपलंसं होणं, असा एक ठोकताळा सांगतात. नेहमीच्या मांजरासाठी तो ठीक आहे, बुजऱ्यासाठी तो सांगूच नकोस. तिसरा महिना उलटला की लोक निराश होतात, आणि खरं तर हिच्या बाबतीत तेव्हा कुठे सुरुवात होत असते.

दोन गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही, आणि त्या कागदावर लिहून दे. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करायचा. न खाणाऱ्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. दुसरं, ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर त्याच तासाला दवाखाना. ताणाने मूत्राशयाला सूज येते. बोक्यांमध्ये मार्ग पूर्ण बंद होण्याचा धोका जास्त असला तरी मांजरीतही हे लक्षण दुर्लक्ष करण्याजोगं नाही. घर बदलल्यावर आठवड्याभरात शिंका किंवा डोळ्यांतून पाणी येऊ शकतं, कारण अंगात दबून राहिलेला हर्पीस विषाणू ताणाने डोकं वर काढतो. त्यासाठी घाबरायचं नाही, पण दाखवून घ्यायचं.

निसटण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वांत मोठा. म्हणून घरातलं बाहेरचं दार आणि तिच्या खोलीचं दार एकाच वेळी उघडं नको. मायक्रोचिपच्या नोंदणीत नव्या माणसाचा फोन नंबर ती निघण्यापूर्वीच नोंदव. निसटलीच तर लोक गावभर शोधत फिरतात. ऑस्ट्रेलियातल्या २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आत होती. बुजरी मांजर तर शेजारच्याच जिन्याखाली किंवा झुडपात गप्प बसून राहते, हाकेला ओ देत नाही. रात्री, सामसूम झाल्यावर, टॉर्च घेऊन जवळच्या जवळ शोधायचं, आणि सापळा-पिंजरा लावायचा.

दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आणि तीन महिन्यांनी तूच फोन कर. "कशी आहे?" असं विचारलंस तर "ठीक" एवढंच उत्तर येईल. "काल किती खाल्लं, ट्रे किती वेळा वापरला, तुम्ही खोलीत असताना कुठे बसते?" असं विचार. आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेव की जमलं नाही तर मांजर तुझ्याकडेच परत यावी, त्यात कुणाला बोल लावला जाणार नाही. हे ऐकलेली माणसं अडचण लवकर सांगतात, आणि लवकर सांगितलेली अडचण बहुधा सुटते.

वहीतल्या आठवड्याच्या नोंदी आणि जाहिरातीचा कच्चा मजकूर मला पाठव. फोनवर विचारायच्या प्रश्नांचा कागद मी तयार करून ठेवतो. पहिली दोन-तीन बोलणी हवं तर आपण दोघं मिळून करू.

तुझा मित्र