रागासाठी लावलेला क्लास

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रागावर ताबा मिळवण्याविषयी लेख होता. दहापर्यंत अंक मोजा, जवळच्या माणसापाशी मन मोकळं करा, चांगले विचार करा, असे तीन सल्ले चौकटीत छापले होते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हे तिन्ही सल्ले मी वर्षानुवर्षं करून पाहिले आहेत आणि ते जमत नाहीत म्हणून स्वतःलाच दोष देत आले आहे. तो लेख वाचून कुणी पुन्हा तसाच दोष स्वतःला देत बसलं असेल, तर त्या माणसासाठी हे लिहिते आहे. भावना सांभाळणं शिकवता येतं. त्याचा रीतसर वर्ग असतो, तिथे फळा असतो, गृहपाठ असतो. मी त्या वर्गात बसले आहे.

मी शाळेत गणित शिकवते, २२ वर्षं झाली. वर्गात माझा आवाज सहसा चढत नाही. घरी मात्र माझ्या रागाला पायऱ्या नव्हत्या. एखादा शब्द कानावर पडला की डोक्यात तिडीक जायची आणि पुढचं माझ्या हातात राहायचं नाही. मुलगी नववीत असताना एका संध्याकाळी, मान वर न करता, "तू ऐकतच नाहीस," एवढंच म्हणाली. मी तिची वही फाडली. गणिताचीच वही होती. मग रात्री जागून चिकटपट्टीने पानं जोडली, सकाळी माफी मागितली, आठवडाभर तिच्याशी नको इतकं गोड वागले. हे चक्र तिला पाठ होतं. दारातून आत आल्यावर मी किल्ल्या कशा ठेवते त्या आवाजावरून ती ठरवायची, खोलीबाहेर यायचं की नाही. हे मला तिनेच पुढे सांगितलं.

समुपदेशकांकडे वर्षभर गेले. बोलले, रडले, हलकं वाटलं. पण पुढचा भडका उडाला तेव्हा हाताशी काहीच नव्हतं. शेवटी त्यांनीच मला डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीच्या, म्हणजे डीबीटीच्या, कौशल्य गटात पाठवलं. गट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते गोल मांडलेल्या खुर्च्या आणि आळीपाळीने सांगितलेली दुःखं. तसं तिथे काही नव्हतं. आम्ही सात जण होतो आणि शिकवणाऱ्या दोघी. एक फळ्यापाशी, दुसरीचं लक्ष आमच्याकडे. कुणाचे हात थरथरायला लागले, कुणी मनाने खोलीबाहेर निघून गेलं, तर ती हळूच शेजारी जाऊन बसायची. आठवड्यातून एकदा, अडीच तास. सुरुवातीला काही मिनिटं सजगतेचा सराव, मग गेल्या आठवड्याचा गृहपाठ, मध्ये थोडी सुट्टी, नंतर नवं कौशल्य. सगळा अभ्यासक्रम २४ आठवड्यांचा. बरेच जण तो दोनदा करतात, म्हणजे साधारण वर्ष जातं. माझी सध्या दुसरी फेरी चालू आहे.

नियम पहिल्याच दिवशी सांगितले गेले. गटात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. कुणी पूर्वी स्वतःला इजा केली असेल तर त्याचे तपशील गटात सांगायचे नाहीत, कारण ते ऐकून दुसऱ्याच्या मनात तीच ओढ जागी होऊ शकते. सलग चार आठवडे गैरहजर राहिलं की नाव कमी. मला हे आधी कोरडं वाटलं होतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळलं की याच चौकटीमुळे मला तिथे सुरक्षित वाटतं.

आता गृहपाठाविषयी. शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जास्त याचंच अप्रूप वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिसऱ्या आठवड्यात मी गृहपाठ केला नव्हता. आमच्या शाळेत अशा वेळी काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, मीच ते करत आले आहे. इथे बाईंनी फक्त चार प्रश्न विचारले. काय करायचं होतं ते नीट कळलं होतं का? कळलं होतं, तर करायची तयारी होती का? तयारी होती, तर आठवडाभरात ते करायचं आहे हे एकदा तरी मनात आलं का? आलं, तर त्या क्षणी आड काय आलं? मी तिसऱ्या प्रश्नाशी अडकले. मला आठवलंच नव्हतं. मग इतर सहा जणांनी मिळून मला आठवण राहावी म्हणून काय करता येईल ते सुचवलं, आणि विषय संपला. आळस, बेफिकिरी असला एकही शब्द कुणी उच्चारला नाही. पुढच्या सोमवारी आठवीतल्या एका मुलाला मी हेच चार प्रश्न विचारले. तो पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "बाई, काय करायचं तेच कळलं नव्हतं." सहा महिने मी त्याला आळशी समजत होते.

आम्ही शिकलो त्याचे मुख्य भाग चार. पहिला सजगता, म्हणजे आत-बाहेर काय चाललंय ते बरं-वाईट न ठरवता पाहणं. ती प्रत्येक नव्या भागाच्या आधी पुन्हा शिकवतात. दुसरा भाग कठीण प्रसंगात टिकून राहण्याचा, तिसरा भावनांचं नियमन आणि चौथा नात्यांमध्ये मागणं मांडणं, नकार देणं. पत्रकं इंग्रजीत होती, शिकवणं मराठीत. दुसऱ्या भागाच्या 'डिस्ट्रेस टॉलरन्स' या नावावर आम्ही बराच वेळ अडलो होतो. 'सहनशीलता' हा शब्द पुढे आला तेव्हा गटातली एक बाई ताडकन म्हणाली, "सहन करायलाच तर जन्मभर शिकवलंय, त्यासाठी इथे यायचं होतं का?" तिचं अगदी बरोबर होतं. बाईंनी फळ्यावरचा शब्द पुसला आणि समजावलं की अन्याय सोसत राहणं असा याचा अर्थ नाही. जो प्रश्न या घटकेला सुटणार नाही, त्याच्यापायी या घटकेला असं काही करून बसायचं नाही की तो आणखी चिघळेल, एवढाच अर्थ. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर सदस्यांनी 'तग' हा शब्द सुचवला. तग धरणं. तोच आमच्याकडे रूढ झाला. वास्तवाचा स्वीकार आणि त्याला मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच दिवशी नीट डोक्यात शिरलं. डायलेक्टिकल या भारदस्त शब्दाचं मूळ इथेच आहे. आहे ते आहे तसं स्वीकारायचं आणि त्याच वेळी ते बदलायला झटायचं. एक धरून दुसरं सोडायचं नाही.

तग धरण्याची काही कौशल्यं थेट शरीराशी बोलतात. भावना शिगेला पोचलेली असताना विचार करायला सांगून उपयोग नसतो. दहा अंक मोजून माझं काही होत नव्हतं ते यामुळेच. तेव्हा पुढे वाकायचं, श्वास रोखायचा आणि थंड पाण्यात चेहरा बुडवून अर्धं मिनिट थांबायचं. पाण्यात बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, तीच प्रतिक्षिप्त क्रिया इथे वापरायची असते. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, अशी ताकीद आम्हाला दिली होती, आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. पाणी हाताशी नसेल तर श्वास संथ करायचा, मिनिटाला पाच-सहा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. याने राग जात नाही. काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत पुढचं कौशल्य वापरलं नाही, तर भडका पुन्हा उडतो.

पुढचं कौशल्य म्हणजे तथ्यं तपासणं. घडलं काय, आणि त्याचा अर्थ मी काय लावला? एका संध्याकाळी मुलीने माझे तीन फोन उचलले नाहीत. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं: ही मला किंमतच देत नाही. चेहरा धुऊन मी कागद घेतला आणि दोन रकाने केले. घडलेल्या गोष्टींच्या रकान्यात एकच ओळ आली, 'तीन फोन, उत्तर नाही.' बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात, मी लावलेल्या अर्थात. भावना आणि तिची तीव्रता घडलेल्या गोष्टीशी जुळत नसेल तर ती भावना जे करायला ढकलते त्याच्या उलट करायचं. रागाची ओढ चाल करून जाण्याची असते, म्हणून शांतपणे बाजूला व्हायचं, मुठी उघडायच्या, जमेल तितकं सौम्य वागायचं. भीती पळायला लावते, म्हणून समोर जायचं. उदासी अंथरुणात खेचते, तर उठून हालचाल करायची. अर्धवट केलं तर फळ मिळत नाही, दात-ओठ खात गोड बोलण्याला उलट कृती म्हणत नाहीत. मुलगी आली. मी किल्ल्यांसारखं काहीही न आपटता विचारलं, "फोन लागत नव्हता का?" बॅटरी संपली होती. तो राग माझ्या रोजच्या नोंदीच्या तक्त्यात पाचपैकी चार होता. आधीची मी त्यावर काय केलं असतं ते मला माहीत आहे, आणि तिलाही.

नेहमी असं जमतं असं मुळीच नाही. मागच्याच महिन्यात मी बहिणीला रात्री एक लांबलचक संदेश पाठवला आणि सकाळी पश्चात्ताप करत बसले. फरक इतकाच की त्या पश्चात्तापात मी चार दिवस बुडून राहिले नाही. तोच प्रसंग गृहपाठात घेऊन गेले.

हा अभ्यासक्रम कुठून आला, तेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी तो घडवला. वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी त्या काम करत होत्या. पहिली शास्त्रीय चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, प्रशिक्षणाची पुस्तकं १९९३ साली आली. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, लिनेहान स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि २६ महिने तिथे होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं २०११ साली, त्याच संस्थेत उभं राहून. ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी गटातून घरी चालत आले, वाहन घ्यायचं सुचलंच नाही.

त्यांच्याच चमूने २०१५ मध्ये ९९ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. संपूर्ण डीबीटी, कौशल्य गटावर भर असलेली आणि कौशल्य प्रशिक्षण वगळलेली, अशा तीन प्रकारांची त्यात तुलना होती. जिथे कौशल्यं शिकवली गेली, तिथे स्वतःला इजा करण्याचं प्रमाण, नैराश्य आणि चिंता यांत जास्त सुधारणा दिसली. आणि ही कौशल्यं एकाच निदानापुरती नाहीत. २०१४ च्या एका छोट्या चाचणीत चिंता किंवा नैराश्य असलेले ४४ प्रौढ होते. सोळा आठवड्यांच्या कौशल्य गटाने त्यांना भावना सांभाळायला नुसत्या आधारगटापेक्षा जास्त मदत केली. आमच्या सात जणांतही कुणाचं निदान सारखं नव्हतं. सारखं होतं ते एवढंच की भावना लवकर येते, जोरात येते आणि ओसरायला फार वेळ लावते. काहींचा पिंडच तसा असतो. अशा मुलाला लहानपणापासून 'एवढ्यात रडायला काय झालं' हे ऐकवत राहिलं, की ते मूल आपल्याला काय वाटतंय ते ओळखायला शिकतच नाही. हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल, याची मोजदाद मला करवत नाही.

ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात त्यांना नुसता गट पुरत नाही, हेही छापावं. संपूर्ण डीबीटीत गटाबरोबर वैयक्तिक उपचार असतात, दोन भेटींच्या मध्ये फोनवर मार्गदर्शन असतं, आणि उपचार करणाऱ्यांची आपसात बैठक असते. असे विचार येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना आजच सांगावं, गटाचं नंतर.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा चौकटीत सल्ल्यांऐवजी प्रश्न छापा, वाचकांनी अशा गटात नाव घालण्याआधी विचारायचे. शिकवणाऱ्यांनी डीबीटीचं प्रशिक्षण घेतलंय का? गृहपाठ देतात का, आणि पुढच्या आठवड्यात तो तपासतात का? चारही भाग शिकवतात का? मधेच एखाद्याला फार त्रास झाला तर तिथे कोण असतं? आणि शक्य असेल तर नावं मराठीत द्या. आमच्या गटाने जमवलेले शब्द मी एका वहीत उतरवून ठेवले आहेत, 'तग' धरून चाळीसेक होतील. पुरवणीसाठी उपयोगी पडणार असतील तर पाठवते.

कळावे,
आपली नियमित वाचक, एक शिक्षिका
(मुलीचा उल्लेख तिला विचारून केला आहे. नाव छापू नये, ही विनंती.)