पोच मिळाली, वहिनी

आदरणीय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला स्वतःच्या नावाचे फ्लेक्स आवडत नाहीत, म्हणून नाव घालत नाही. वॉर्डातल्या कुणालाही कळेलच.

शिष्यवृत्ती अडकली होती, मेसचं बिल थकलं होतं. बॅग भरून मी गगनबावड्याची एसटी धरायला निघाले, पण कोल्हापुरातल्या आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी पाय थांबले, तिथंच बसले. तुम्ही राजाराम तलावाकडून फिरून येत होतात. नाव-गाव काही न विचारता म्हणालात, "जेवलास काय?" आणि पिशवीतून दोन केळी काढलीत.

मला वाटलं, आता फोन लावणार. तुम्ही नगरसेविका होतात त्या महापालिका सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरातच संपली असली तरी अधिकारी तुमचा फोन अजून उचलतात म्हणे. पण तुम्ही मला केएमटीच्या सिटीबसमध्ये बसवून त्या कार्यालयात नेलंत (नाव कशाला लिहू, अजून एक हप्ता यायचाय) आणि माझ्यासोबत रांगेत उभ्या राहिलात. फुलस्केपवर अर्ज लिहायला लावलात. घरच्या परिस्थितीवर मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यांवर सरळ काट मारलीत. "रड लिहू नको, तारखा लिही." खिडकीशी पोचल्यावर मी कागद आत सरकवून वळले, तर दंड धरलात. "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही." शिक्का, निळ्या शाईत आवक क्रमांक, खाली गिचमिड सही. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

रांगेत तुम्ही विद्यापीठच सांगत होतात. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन उद्घाटनाला आले, तेव्हा तुम्ही वडिलांच्या खांद्यावर. राष्ट्रपती आठवत नाहीत, पुढच्या माणसाचा फेटा आठवतो. मग मंगळवार पेठेतून सायकल हाणत विद्यापीठाच्या सागरमाळाचा चढ, एम. ए.ची दोन वर्षं, खर्डेकर ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची. सोलापूर तेव्हा याच विद्यापीठात होतं, त्यामुळे मैत्रीण मंगळवेढ्याची आणि तिच्या डब्यातली कडक भाकरी. २००४ ला सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं, याचा तुम्हाला अजून थोडा रागच आहे!

तुम्ही नगरसेविका झालात, तेव्हा गटारी-नळांच्या तक्रारींसोबत वॉर्डातल्या सुनांचे दूरशिक्षणाचे फॉर्मही भरून घेत होतात, हे मला शेजारच्या मावशींनी सांगितलं. त्या चाळिशीत बी. ए. झाल्या. सासूबाईंना ते निकालाच्या दिवशी कळलं.

दीड महिन्यानं माझे पैसे जमा झाले. मेसचं बिल फिटलं. आता एम. ए.चा निकालही लागलाय, प्रथम श्रेणी. गेल्या आठवड्यात आमच्या गावची एक पोरगी अर्ज घेऊन आली, तिच्या पहिल्या चार ओळींवर मी काट मारली.

पेढे चालत नाहीत तुम्हाला, शुगर. रविवारी सकाळी सातला पुतळ्यापाशी या. केळी मी आणतो.

तुमची,
गगनबावड्याची पोरगी